फेरी बिल्डिंग : मालकी बंदराची, पैसा खासगी

(दृश्य : मार्केट स्ट्रीटचं टोक, घड्याळाचा मनोरा)

सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवर कुठेही उभे राहा, रस्ता संपतो तिथे हा मनोरा दिसतो. उंची २४५ फूट. ए. पेज ब्राऊन या वास्तुविशारदाने तो स्पेनमधल्या सेव्हियाच्या गिराल्डा मनोऱ्यावरून बेतला. १८९८ मध्ये मनोऱ्याखालची ही फेरी बिल्डिंग, म्हणजे बोटींच्या प्रवाशांची इमारत, सुरू झाली आणि १९०६ च्या भूकंपातही उभी राहिली.

पूर्वेकडून रेल्वेने येणारा प्रवासी खाडीपलीकडे उतरायचा आणि बोटीने इथे यायचा. पुढे १९३६ मध्ये बे ब्रिज हा खाडीवरचा पूल झाला, १९३७ मध्ये गोल्डन गेट पूल. लोक मोटारीने ये-जा करू लागले आणि धक्का ओस पडला.

(दृश्य : जुनी छायाचित्रं, दुमजली फ्रीवे)

आत ६६० फूट लांब दालन होतं, छतातल्या काचांमधून उजेड घेणारं. १९५० च्या दशकात तिथे कचेऱ्या थाटल्या गेल्या आणि दालन पार बुजून गेलं. बाहेर तर याहून वाईट झालं. १९५९ मध्ये इमारतीच्या अगदी समोरून दुमजली फ्रीवे, म्हणजे खांबांवरचा मोटाररस्ता, गेला. शहर आणि खाडी यांच्यामध्ये काँक्रीटची भिंतच उभी राहिली! १९८६ मध्ये तो पाडायचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. १९८९ च्या भूकंपाने मात्र त्याला मोठं नुकसान पोहोचवलं आणि १९९१ मध्ये पाडकाम सुरू झालं.

माझ्या मते इमारत सावरण्याची खरी सुरुवात इथे झाली. समोरचा फ्रीवे हटवणं कुठल्याही बिल्डरच्या हातातलं नव्हतं. ते काम सरकारी यंत्रणेनं केलं, मग खासगी पैसा आला.

बंदर प्रशासनाने इमारत विकली नाही, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर दिली. दुरुस्तीचा खर्च विकासकाचा. वरच्या मजल्यांवर कार्यालयं, तळमजल्यावर खाद्यपदार्थांची दुकानं, मागे बोटींचा धक्का चालूच. २००३ मध्ये दारं पुन्हा उघडली.

(दृश्य : पहिला मजला, मोझेकची जमीन, कठड्यावरून खाली)

हे दालन नीट बघा. काचांमधला उजेड तळमजल्यापर्यंत पोहोचावा म्हणून पहिल्या मजल्याच्या जमिनीत मोठ्या मोकळ्या जागा कापल्या. जुन्या मोझेकचा काही भाग त्यात गेला. वारसा जपणाऱ्यांना असं काही सहजी पटत नाही, आणि ते बरोबरच आहे. अमेरिकेत ऐतिहासिक इमारतीच्या पात्र दुरुस्तीखर्चावर २० टक्के केंद्रीय करसवलत मिळते, पण काम ठरलेल्या निकषांत बसलं तरच. त्यामुळे काय ठेवायचं आणि काय कापायचं, हे विकासक एकटा ठरवू शकत नाही. मला ही अट फार मोलाची वाटते. उजेडासाठी दिलेली किंमतही मला पटते, कारण त्याशिवाय तळमजला नुसता अंधारा बोगदा झाला असता.

(दृश्य : बाजाराचा दिवस, गर्दी)

इमारतीभोवती आज शेतकरी बाजार भरतो. तो चालवते एक ना-नफा संस्था, म्हणजे इथे तिसरा भागीदारही आहे.

(दृश्य : भरतीचं पाणी, किनाऱ्याची भिंत)

एक काम अजून बाकी आहे. या किनाऱ्याला धरून ठेवणारी समुद्रभिंत जुनी झाली आहे, आणि पाण्याची पातळी वाढते आहे. एका इमारतीच्या भाड्यातून हा खर्च निघणं शक्य नाही. २०१८ मध्ये शहराच्या मतदारांनी समुद्रभिंतीसाठी ४२.५ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली.