मुरमातलं पाणी

(दृश्य: अथणी तालुक्यातलं शिवार. बोअरची गाडी सुरू.)

पाणाड्यानं नारळ हातावर धरून जागा दाखवली, हळद-कुंकू वाहून झालं, गाडी सुरू झाली. आधी काळी माती उडते, मग मुरूम, मग दगडाची राखाडी भुकटी. भुकटीचा चिखल झाला की बांधावरचे सगळे पुढे सरकतात. नुसती धूळच उडत राहिली, तर गाडीवाला विचारतो, "मालक, अजून शंभर फूट मारायची काय?"

निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी हा बेळगाव जिल्ह्याचा उत्तरेकडचा पट्टा दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलाय. अखंड पाषाण पाणी धरत नाही. पाणी असतं वरच्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत. खोल गेलेली बोअर पुष्कळदा त्याच भेगांतून शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी ओढते.

(दृश्य: नदीकाठची पांढरी पडलेली जमीन.)

कृष्णाकाठाला उलटी तऱ्हा. वर्षानुवर्षं पाटानं ऊस भिजवून काही रानं पाणथळ झाली, वर मीठ फुटलं.

दोन्हीकडे पीक एकच, ऊस. आडसाली लावण जुलै-ऑगस्टात, तोड साधारण दीड वर्षानं. मधला अख्खा उन्हाळा पाजायचा. कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज फुकट. ऑटो स्टार्टर लावला की थ्री फेज आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू, सरी तुंबली तरी चालूच. फुकट विजेला बोल लावणं सोपं आहे. पण वीज रात्री दोनला आली, तर दारं धरायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, उठायचं कुणी?

(दृश्य: बोअरभोवतीचा खड्डा.)

बोअरचं पुनर्भरण करता येतं, म्हणजे पावसाचं पाणी परत जमिनीत मुरवता येतं. केसिंगला, म्हणजे बोअरमधल्या पाइपला, भोकं पाडून जाळी गुंडाळायची. भोवतीच्या खड्ड्यात खाली मोठे दगड, वर खडी, मग वाळू. ओढ्याचं पाणी आधी दुसऱ्या खड्ड्यात थांबवून गाळ बसू द्यायचा. खर्च वाचवायला नेमका हाच खड्डा वगळतात, आणि बोअर बुजते.

पण भरणार तरी किती? घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला धो धो कोसळणारा पाऊस अथणीला पोचेपर्यंत पार आटलेला असतो. म्हणून हिशेब दिवाळीतच घालायचा. गाठी मारलेली दोरी विहिरीत सोडून पाणी किती खाली आहे ते बघायचं. फार खाली असेल तर पूर्वहंगामी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरची, उसाची लावण थांबवायची, त्या रानात हरभरा पेरायचा.

तोही शिवारात सगळ्यांनी मिळून. एकट्यानं हरभरा पेरला आणि बांधापलीकडं ऊस लागला, तर राखलेलं पाणी त्या उसालाच जाणार.