आधी माणूस जाऊ दे, मग ड्रोन

नमस्कार मंडळी. आज इथं ड्रोनवाले आहेत, ट्रेकवाले आहेत, पक्षी बघणारे आहेत, आणि मागच्या रांगेत काही काकू बसल्यात ज्यांना ड्रोनचा मनापासून राग आहे, आणि त्या आल्या याचा मला जास्त आनंद झालाय. मी स्वतः ड्रोन उडवतो. उजनी धरणाच्या पाण्यावर पहाटे वरनं बघितलं की बुडालेल्या जुन्या बांधांच्या रेघा दिसतात, ते बघून माणूस गप्पच होतो, त्यामुळं ड्रोन बंद करा असं मी म्हणणार नाही. पण गेल्या काही वर्षांत ज्या पद्धतीनं तो उडवला जातोय त्याबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचंय.

आता बघा, आपल्याकडं उघड्यावरचं वागणं कायद्यानं कमी आणि रीतीनं जास्त चालत आलंय. शेतातल्या वस्तीवर जायचं असलं की आपण लांबनंच हाक देतो, कुत्रं भुंकतं, घरातली माणसं सावरून बसतात आणि मग आपण अंगणात पाय ठेवतो. पंढरपुरात आषाढीला जाऊन बघा, चंद्रभागेत हजारो बायका आंघोळ करत असतात, वाळवंटातच लुगडी बदलतात, एक जण साडीचा पदर धरून उभी राहते आणि दुसरी तिच्या आड बदलते, शेजारनं पुरुषांच्या दिंड्या चाललेल्या असतात आणि जाणारा माणूस आपसूक मान दुसरीकडं वळवतो. तिथं भिंत नाही, दार नाही, पाटी नाही, तरी त्या बाईला एकांत मिळतो, कारण तो आजूबाजूच्या सगळ्यांनी मिळून दिलेला असतो.

आणि या सगळ्या आडोशांची एक गोष्ट कुणी लक्षात घेत नाही, ती म्हणजे आडोशाला छप्पर नसतं. धरलेली साडी, तुरीचं रान, गावाकडची उघडी न्हाणी, गच्चीचा कठडा, हे सगळं फक्त बाजूनं येणारी नजर अडवतं, कारण वरनं नजर येईल असं कुणाला कधी वाटलंच नव्हतं. आपल्या सोलापुरात एप्रिल-मे मध्ये पारा ४३-४४ ला जातो, रात्री घरात भिंती तापलेल्या, त्यामुळं अख्खं घर गच्चीवर झोपायला जातं, आजी, सून, लेकरं सगळी, आणि सकाळी सहाला तिथं कोण कशा अवस्थेत झोपलंय हे शेजाऱ्यानं बघायचं नाही हे न सांगता पाळलं जातं. सहालाच उजेड छान असतो म्हणून कुणीतरी 'सोलापूर सनराइज' शूट करायला ड्रोन सोडतो. त्याच्या मनात काही वाईट नसतं हो, मला मान्य आहे, पण त्या सुनेला गोधडी ओढून खाली पळावं लागतं की नाही?

आता ड्रोनवाली मंडळी लगेच म्हणतील, अरे एवढ्या उंचीवरनं काही दिसत नाही. हे अर्धं खरं आहे आणि ते नीट समजून घेऊ. बहुतेक छोट्या ड्रोनची लेन्स २४ एमएमच्या आसपासची, म्हणजे वाइड असते. १०० मीटरवरनं सरळ खाली बघितलं तर फ्रेममध्ये साधारण १५० मीटर रुंदीची जमीन मावते. फोरके व्हिडिओत आडवे ३८४० पिक्सेल, म्हणजे एका पिक्सेलमध्ये जवळपास ४ सेंटिमीटर जमीन आली, आणि माणसाचा चेहरा १५ सेंटिमीटर धरला तर त्याच्या वाट्याला चार पिक्सेल. चार पिक्सेलमध्ये आई पण ओळखू येत नाही. पण तोच ड्रोन १० मीटरवर आणला की चेहऱ्याला चाळीस पिक्सेल मिळतात आणि माणूस ओळखू यायला लागतो. नव्या मॉडेलमध्ये ७० एमएमची टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स येते, तिनं साधारण ३० मीटरवरनंच हे काम होतं. म्हणजे काकूंची भीती खोटी नाही आणि उडवणाऱ्याचं म्हणणं पण प्रत्येक वेळी खोटं नसतं. फक्त मुद्दा असाय की हे गणित उडवणाऱ्याला माहितीये, खाली उभ्या असलेल्या बाईला नाही. तिला वर एक घोंगावणारा ठिपका दिसतो, त्याला कुठली लेन्स आहे, तो रेकॉर्ड करतोय का नुसता उडतोय, कुणाचा आहे, काही म्हणजे काही कळत नाही. मला विचाराल तर खरा त्रास हा आहे. कॅमेरा घेऊन समोर आलेल्या माणसाला आपण "ओ, काय चाललंय" म्हणू शकतो. ड्रोनला कुणाला विचारायचं, आणि विचारलं तर तो ऐकणार कसा?

कायद्याचं थोडक्यात सांगतो. आपले ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ चे. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढं २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला, आणि हौसेसाठी उडवायच्या मायक्रोला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण ग्रीन झोनमध्ये, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येतं तिथं सुद्धा ४०० फूट ही मर्यादा आहे आणि झोनचा नकाशा सरकारच्या 'डिजिटल स्काय' वेबसाइटवर बघूनच उडवायचं असतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर परवानगी लागते आणि ८ च्या आत तर नकाशा बघितल्याशिवाय ड्रोन बॅगेतनं काढूच नका. होटगी रोडच्या आपल्या सोलापूर विमानतळावरनं २०२५ पासून प्रवासी विमानं उडायला लागलीत, त्यामुळं 'आपल्या गावात कोण विचारतंय' हे दिवस संपले. पण या नियमांचा सगळा रोख विमानं आणि सुरक्षेवर आहे, आपल्या गच्चीवर नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. एखाद्या बाईला, जिथं आपल्याला कुणी बघत नसेल असं ती धरून चालते अशा खासगी क्षणी बघणं किंवा शूट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं शिक्षा. तरी गुन्हा होईपर्यंतचं जे मोठं मैदान मधे पडलंय तिथं कायदा येत नाही, तिथं आपल्यालाच वागायचंय.

मग वागायचं कसं, तर माझं एकच म्हणणं आहे, आधी माणूस जाऊ दे, मग ड्रोन. हिप्परगा तलावावर गेलात, कुणी डबा घेऊन बसलंय, कुणी मासे धरतंय, तर मशीन बॅगेत ठेवा आणि चालत जा त्यांच्याकडं. "काका, दहा मिनिटं ड्रोन उडवणारे, पाण्याकडं नेतो, तुमच्या अंगावर आणत नाही, चालेल का?" एवढंच. दहातले नऊ जण "उडव की" म्हणतात, लेकरं तर स्क्रीनला चिकटतात, आणि एखादा नको म्हणाला तर त्याला कारण विचारायचं नाही, जागा बदलायची. हुरड्याच्या दिवसांत तर हे फारच पाळायला पाहिजे, कारण शेतकऱ्यानं पाहुणे म्हणून बोलावलंय ते आपल्याला, पण शेजारच्या रानात ज्या बायका काम करतायत त्यांनी कुठं बोलावलंय? शेजारच्या बांधावर जाऊन सांगून यायला दोन मिनिटं लागतात. आणि उडवताना गाडीत बसून उडवू नका, उघड्यावर दिसेल असं उभं राहा, म्हणजे कुणाला विचारायचं असेल तर विचारायला माणूस सापडतो.

सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीवर किंवा नळदुर्ग किल्ल्यातल्या नर-मादी धबधब्याला पावसाळ्यात गर्दी असते तिच्या डोक्यावर ड्रोन न्यायचा मोह फार होतो, फ्रेम सुंदर मिळते हे खरंय. पण ३० मीटरवरनं अर्ध्या किलोची वस्तू पडली तर हवेचा अडथळा सोडला तर खाली येईस्तोवर ताशी ८५ किलोमीटरच्या पुढं जाते, आणि खाली कुणाच्या तरी खांद्यावर लेकरू बसलेलं असतं. शिवाय किल्ल्याच्या तटाला आग्या मोहोळ असलं आणि तुमच्या आवाजानं ते उठलं तर तुम्ही लांब सुरक्षित आणि मार खाणारे दुसरेच.

पक्ष्यांचं जरा सविस्तर बोलतो, कारण त्यांना कुणी "चालेल का" विचारू शकत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. माळढोक जमिनीवर, उघड्या माळावर घालतो, तेही बहुतेक वेळा एकच अंडं. अख्ख्या देशात मोकळ्या रानात हे पक्षी जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेत आणि नान्नजला तर दिसणंच दुर्मिळ झालंय. वरनं घिरट्या घालणारी गोष्ट म्हणजे शिकारी, हे जमिनीवर बसणाऱ्या पक्ष्याच्या रक्तात असतं, त्यामुळं मादी उठते, आणि उघडं पडलेलं अंडं ऊन आणि खोकड दोघांच्या तोंडी जातं. अभयारण्यात परवानगीशिवाय शूट करायचंच नाही, पण अभयारण्याबाहेरची टिटवी पण पायवाटेकडंलाच अंडी घालते की. उजनीवर रोहित पक्ष्यांचा थवा ड्रोननं उठवून काढलेल्या रील्स बघितल्या असतील, हजार पंख एकदम उघडतात. मला त्या बघवत नाहीत. तो थवा खायला उतरलेला असतो, आणि आपण त्याला उगीच उडायला लावतो, पुन्हा पुन्हा, दर रविवारी.

आता खाली उभं राहून ड्रोन बघणाऱ्या मंडळींना पण सांगतो. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि आपल्याकडच्या गावांत रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्या पसरल्या, चोर पाहणी करतायत म्हणून लोक रात्र-रात्र गस्त घालत होते. ती भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण आज वर दिसणारा ड्रोन फवारणीचा असू शकतो, गावठाण मोजणीचा असू शकतो. दगड मारू नका, तो फिरत्या पंख्यांसकट कुणाच्यातरी अंगावर पडेल. आजूबाजूला बघा, छोटा ड्रोन उडवणारा बहुतेक वेळा नजरेच्या टप्प्यात असतो, जाऊन विचारा, फुटेज दाखव म्हणा. उत्तर नाही दिलं तर पोलिसांना ११२.

एका मुलीनं चिठ्ठी पाठवलीये, की पोहायला गेलेल्या बायकांचा व्हिडिओ आधीच कुणीतरी टाकला असेल तर? आधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेव, मग टाकणाऱ्याला काढायला सांग. त्यात खासगी अंग दिसत असेल तर प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याकडं तक्रार कर, २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणं असा मजकूर त्यांना आधी २४ तासांत हटवावा लागायचा, फेब्रुवारी २०२६ च्या बदलानंतर दोन तासांत हटवावा लागतो, आणि आयटी कायद्याच्या कलम ६६ई खाली पोलिसात पण जाता येतं. नुसते चेहरे दिसत असतील तर कायद्याची वाट लांबची आहे, तिथं ग्रुपमधल्या मोठ्या माणसांनी त्या मुलाच्या घरी जाऊन बोलावं, आणि आज इथं बसलेल्या ड्रोनवाल्यांपैकी कुणी सोबत गेलं तर तो लवकर ऐकेल. मी येईन.