कोण गेलं?

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय नवा वाटला तर लगेच स्टेशन बदलू नका, थोडं ऐका. आणि ज्या मुली कानात इयरफोन घालून, घरात कुणाला कळू न देता हे ऐकत असतील, त्यांच्यासाठी तर मी मुद्दाम आलेय.

परदेशी मालिकांमध्ये कधी कधी दोन बायकांची जोडी असते. प्रेमातली जोडी. हे आधीच स्वच्छ सांगते, कारण आपल्याकडे 'जिवलग मैत्रिणी' म्हटलं की त्याखाली सगळं झाकून टाकता येतं. या जोड्यांवर जीव लावणारे प्रेक्षक देशोदेशी पसरलेत. त्यांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नसतं, भाषा वेगळ्या, घड्याळं वेगळी, पण एकमेकांचं सुखदुःख मात्र रोजच्या रोज विचारतात. मला आज या माणसांबद्दल बोलायचंय.

गोष्ट २०१६ची. मार्च महिना, शुक्रवारची सकाळ. माझी भाची तेव्हा चिपळूणहून शिकायला आमच्याकडे ठाण्यात पाचपाखाडीला राहत होती. साडेआठच्या सुमारास मी पोळ्या लाटत होते आणि ही ओट्याला पाठ टेकून फरशीवर बसलेली. अंघोळ नाही, चहा पुढ्यात तसाच, त्यावर साय धरलेली. डोळे सुजलेले. परीक्षा तोंडावर. मी गॅस बारीक केला नि विचारलं, "काय गं, काय झालं?"

म्हणाली, "मावशी, ती गेली."

"कोण गेलं?"

"लेक्सा."

मला वाटलं, कॉलेजातली कुणी मैत्रीण असेल. तरुण मुलगी गेली म्हटल्यावर माझ्या पोटात खड्डा पडला. मी हात धुतले, पोळपाट बाजूला सारला आणि म्हटलं, "कुठे राहायची? ऊठ, तोंड धू, आपण जाऊन येऊ." कपाटातून फिकी सुती साडीही काढली. मी निऱ्या घालत होते, तेव्हा ही दारात येऊन उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "मावशी, ती मालिकेतली आहे."

खरं सांगते, राग आला. बहीण तिकडे विश्वासाने पोरगी माझ्याकडे सोपवून बसलीय आणि ही परीक्षेच्या आधी मालिकेसाठी रडतेय! मी बोलणारच होते, तेवढ्यात तिच्या हातातला मोबाइल थरथरला. पुन्हा थरथरला. थांबेचना. मी म्हटलं, कोण आहेत हे सगळे? तिने दाखवलं. पोलंडची एक मुलगी, फिलिपिन्समधली एक, ब्राझीलमधली एक बाई. तिकडे अमेरिकेत गुरुवारी रात्री भाग लागला, आपल्याकडे शुक्रवारची सकाळ, आणि तेवढ्या वेळात हे सगळे एकमेकांना धरून रडत होते. ब्राझीलच्या बाईचा निरोप इंग्रजीत होता, भाचीने मला मराठीत सांगितला: "तू काही खाल्लंस का? घरी कुणी मोठं माणूस आहे का तुझ्याजवळ?"

श्रोतेहो, तिच्याकडे मध्यरात्र होती. ती स्वतः रडत होती. आणि ठाण्यातल्या एका मुलीला विचारत होती, खाल्लंस का. मी अर्धी साडी नेसलेली, तिथेच पलंगावर बसले. म्हटलं, "सांग तिला, मावशी आहे."

मग मी काय केलं? पिठलं टाकलं आणि भात लावला. दुःखाच्या घरी काय नेतात ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. नातं कुठलं, माणूस खरं की पडद्यावरचं, ते मी त्या दिवशी मोजलं नाही. जाता जाता सांगते, अशा वेळी पिठलं पातळच हवं. घट्ट पिठलं रडणाऱ्या माणसाच्या घशाखाली उतरत नाही.

ती पिठलं-भात जेवली, आणि जेवता जेवता तिने मला तिचं स्वतःचं सांगितलं. त्याबद्दल इथे एवढंच. आजची गोष्ट मी तिला विचारून, तिच्या परवानगीने सांगतेय. २०१६ साली आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम तसंच लागू होतं. सर्वोच्च न्यायालयाने दोन सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं ते ६ सप्टेंबर २०१८ला. म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात ती जे बोलली, ते तिने त्याआधी फक्त त्या पोलंड-ब्राझीलच्या मंडळींना सांगितलं होतं. पुन्हा सांगते, नीट ऐका: सख्ख्या मावशीच्या आधी तिने ते समुद्रापलीकडच्या माणसांना सांगितलं होतं.

आता त्या मालिकेचं थोडक्यात. 'द हंड्रेड' नावाची अमेरिकन मालिका. क्लार्क आणि लेक्सा या दोघी. दोन्ही नावं जोडून चाहत्यांनी जोडीचं नाव केलं 'क्लेक्सा'. लेक्सा दुसऱ्यावर झाडलेली गोळी चुकून लागून मेली. 'बफी' मालिकेतली टारा २००२मध्ये अशीच चुकून लागलेल्या गोळीने गेली होती. चौदा वर्षं मधे गेली, तरी गोळी तीच! चाहत्यांचा संताप या खोडीवर होता, की दोन बायकांची जोडी सुखाची झाली की लेखक एकीला मारून टाकतो. आणि आपण परक्यांना कशाला नावं ठेवायची? विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१मध्ये रंगभूमीवर आलं. मोठं धाडसाचं काम होतं ते, मी मानते. पण मित्रा, एका मुलीवर प्रेम करणारी त्यातली नायिका, तिथेही जगत नाही. मी भाचीला ते नाटक वाचायला द्यावं की नाही, याचा फार विचार केला. शेवटी दिलं.

संतापाचं पुढे काय झालं? चाहत्यांनी पैसे गोळा केले, ते मानसिक आधार देणाऱ्या 'ट्रेव्हर प्रोजेक्ट' या अमेरिकन संस्थेसाठी. आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्या समलिंगी, ट्रान्सजेंडर तरुणांसाठी ती संस्था काम करते. रक्कम एक लाख डॉलरच्या वर गेली. मालिकेच्या निर्मात्याने त्याच महिन्यात जाहीर पत्र लिहून माफी मागितली. आणि पुढच्या वर्षी, मार्च २०१७मध्ये, लास वेगासला 'क्लेक्साकॉन' नावाचं संमेलनच भरलं.

हे लेक्सापासून सुरू झालं असंही नाही. 'झीना' ही १९९५ ते २००१ची मालिका न्यूझीलंडमध्ये चित्रित झाली. तिच्यातल्या झीना आणि गॅब्रिएलवर लोकांनी इंटरनेट नवं असताना ढिगाने कथा लिहिल्या. जर्मनीत 'हान्ट आउफ्स हेर्त्स' नावाची शाळेतली मालिका वर्षभरही टिकली नाही, पण तिच्यातल्या जेनी आणि एमा, म्हणजे 'जेमा', जर्मन न येणाऱ्यांनीही पाहिल्या. स्पेनमध्ये दुपारच्या रोजच्या मालिकेत, सत्तरच्या दशकातल्या माद्रिदमध्ये, लुईसिता आणि आमेलिया भेटल्या. 'लुईमेलिया' इतकी गाजली की २०२०मध्ये त्या दोघींना आजच्या काळात आणून वेगळी मालिका काढली. दुपारची मालिका म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दुपारी टीव्ही बघणारी बाई रिकामटेकडी नसते, सकाळपासून राबून ती पहिल्यांदा टेकलेली असते.

पण जर्मन न येणाऱ्यांनी जर्मन मालिका पाहिली कशी? सबटायटल्स. एकजण त्या दोघींचे प्रसंग तेवढे कापून ठेवणार, दुसरा भाषांतर करणार, तिसरा ओळींची वेळ जुळवणार. प्रत्येक ओळीला क्रमांक, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, आणि खाली मजकूर. सगळं फुकट, रात्री जागून, आपल्या झोपेवर. डबिंग मला मुळीच पटत नाही. माणसाचा आवाज काढून घेतला तर प्रेम कशात ऐकायचं?

भाचीही आता हेच करते. नोकरी महापेला. ऐरोलीत भाड्याने राहते आणि शनिवारी-रविवारी मराठी सबटायटल्स लिहिते, चार-पाच मैत्रिणींपुरती. तिच्यामुळे मीही 'गॅप' ही थाई मालिका पाहिली, २०२२ची. थायलंडमध्ये अशा मालिकांची रांग लागली ती तिच्यापासून. पुढे २३ जानेवारी २०२५पासून तिथे समलिंगी विवाहही कायदेशीर झाले. मालिकेत सॅम ही कंपनीची मालकीण, मॉन ही नवी लागलेली मुलगी. मॉन तिला 'खुन सॅम' म्हणते, 'खुन' हा आदराचा शब्द.

एका रविवारी भाचीचा फोन आला. "मावशी, मॉन आधी सॅमला तुम्हीच म्हणणार ना. मग तू कधी म्हणायचं?"

इंग्रजीत एकच शब्द, तिथे हा प्रश्नच नाही. आपल्याकडे आहे. मी म्हटलं, मला वेळ दे. दोन दिवस मी तेच डोक्यात घोळवत होते, भाजी निवडताना, तलावपाळीला फेरी मारताना. मला स्वतःला ह्यांना 'तू' म्हणायला लग्नानंतर सहा वर्षं लागली. आजारपणात, मध्यरात्री, पाणी देताना तोंडातून गेलं होतं. मी तिला तेवढंच सांगितलं.

पुढच्या शनिवारी ती ठाण्याला आली, जेवणं झाल्यावर मोबाइल माझ्यासमोर धरला. एक प्रसंग चालू होता. खाली ओळ आली आणि तिच्यात 'तू' होतं. तिने तिथेच थांबवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "राहू दे. बरोबर आहे."