पाथ वाचायचा की चालायचा?

मागच्यांना आवाज येतोय ना? बरं. आज स्लाइड नाहीत, फळ्यावर एकच ओळ लिहितो, एक पाथ म्हणजे फाइलचा पत्ता, आणि तासभर तिच्याभोवतीच घुटमळणार आहे.

/दुकान/चालू/../सामायिक/सेटिंग

देवनागरीत लिहिलंय म्हणून हसू नका, लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, फाइलच्या नावात स्लॅश आणि शून्य बाइट एवढ्या दोनच गोष्टी चालत नाहीत, बाकी तुम्ही काय लिहिताय त्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. तर यातला 'चालू' हा फोल्डर नाहीये, सिमलिंक आहे, आणि तो '/दुकान/आवृत्त्या/४१' कडे बोट दाखवतो. नवीन रिलीज आलं की '४२' नावाचा फोल्डर बनवायचा, लिंक तिकडे फिरवायची, गडबड झाली की परत ४१ वर आणायची. तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या सर्व्हरवर हेच असेल.

आता सांगा, ही ओळ उघडायला दिली तर कुठली फाइल उघडेल?

(एक-दोन उत्तरं येतात.) हो, दोन टिंब म्हणजे एक पायरी वर, म्हणून 'चालू' आणि त्याच्यापुढचे दोन टिंब एकमेकांना कापतात, उरतं '/दुकान/सामायिक/सेटिंग'. गणितात वर-खाली कापतो ना आपण, तसं. कागदावर बरोबर आहे. पण कर्नल कापाकापी करतच नाही, तो चालत जातो. 'दुकान'मध्ये शिरला, 'चालू' दिसलं, ती लिंक निघाली म्हणून ४१ मध्ये जाऊन उभा राहिला, मग दोन टिंब म्हणजे जिथे उभा आहे तिथून एक वर, म्हणजे 'आवृत्त्या'. आणि 'आवृत्त्या'मध्ये 'सामायिक' शोधतोय. तिथे ते नाहीच.

याच ओळीने माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्लीय. एका जुन्या नोकरीत आमची सर्व्हिस गो या भाषेत होती, तिथे 'चालू' आणि '../सामायिक' हे दोन तुकडे जॉइन नावाच्या फंक्शनने जोडले होते, कित्येक महिने मस्त चाललं. मग मी रात्री चालणारी एक छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली, तेच दोन तुकडे, तिथेही जॉइनच, आणि ती म्हणते फाइल नाही. अरे नाही कशी! टर्मिनल उघडलं, सीडी करून 'चालू/..' मध्ये गेलो, समोर 'सामायिक' दिसतंय ढळढळीत. आणि जागेवरून न हलता एलएसला 'चालू/..' दिलं असतं तर त्याने ४१, ४०, ३९ अशी 'आवृत्त्या'ची यादी दाखवली असती, पण ते मला सुचायला रात्रीचे नऊ वाजले. एकच टर्मिनल, एकच पाथ, दोन उत्तरं. कारण बॅशचं, म्हणजे टर्मिनलमधल्या शेलचं, सीडी दोन टिंबं मजकूर म्हणून कापतं, तुम्ही कुठल्या नावाने आत आलात ते ते लक्षात ठेवतं, त्याला कॅपिटल पी चा पर्याय दिलात तरच ते खरं चालत जातं. एलएस मात्र पाथ जसाच्या तसा कर्नलच्या हातात देतं. आणि गोचं जॉइन जोडता जोडता साफसफाई पण करतं, पायथनचं नुसतं मध्ये स्लॅश टाकून देतं. नाव एकच, जॉइन.

आता हा घोळ मुळात का झाला, तर दोन टिंबं आधी आली, सिमलिंक नंतर. सुरुवातीच्या युनिक्समध्ये डिरेक्टरी म्हणजे साधं रजिस्टर, एका रकान्यात नाव, दुसऱ्यात आयनोड नंबर म्हणजे फाइलचा अंतर्गत क्रमांक, आणि दोन टिंब हीसुद्धा त्याच रजिस्टरमधली एक खरीखुरी नोंद, आपल्या वरच्या डिरेक्टरीचा नंबर सांगणारी. सगळं झाडासारखं होतं, वर जायची वाट एकच, त्यामुळे मजकूर कापा नाहीतर चालत जा, पोचायचात एकाच जागी. मग १९८३ ला ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीमधून सिमलिंक सगळीकडे पसरले आणि ही दोन उत्तरं वेगळी व्हायला लागली.

सिमलिंक म्हणजे काय, तर बंद शटरवर लावलेली पाटी, 'दुकान समोरच्या गल्लीत स्थलांतरित झाले आहे'. पाटीवर फक्त मजकूर असतो, ती गल्ली अजून आहे का पडली हे पाटीला ठाऊक नसतं. आणि 'समोरची' म्हणजे पाटीच्या समोरची हं, तुमच्या घरासमोरची नाही. लिंकमध्ये रिलेटिव्ह पाथ असेल तर तो लिंक ज्या डिरेक्टरीत आहे तिथून मोजतात, तुमचा प्रोग्रॅम कुठून चालू केला त्याचा संबंध नाही, अर्धे लोक इथेच मोडकी लिंक बनवतात. पाटीवरून पाटीवर असं फिरत राहिलात तर लिनक्स एका पाथमध्ये ४० लिंकांपर्यंत सहन करतो, मग ईलूप नावाची एरर देऊन हात वर करतो.

रॉब पाइक यांनी २००० साली यावर एक पेपर लिहिला, त्यात प्लॅन नाइन नावाच्या सिस्टिममध्ये कर्नललाच मजकुराच्या बाजूला आणलं, म्हणजे आलात त्या नावानेच मागे जायचं. हेच पाइक पुढे गो बनवणाऱ्यांत होते आणि गोच्या क्लीन फंक्शनच्या माहितीत त्या पेपरचा उल्लेख आजही आहे. पण गो चालतं लिनक्सवर, आणि लिनक्सचा कर्नल प्लॅन नाइनचा नाही, त्यामुळे गो वरून कापून देतं आणि खाली चालणारा वेगळाच. मला स्वतःला हे पटत नाही, पण वापरतो.

बाकी भाषांनी काय केलं? पायथनचं नॉर्मपाथ कापतं, आणि सिमलिंक असेल तर अर्थ बदलू शकतो असं माहितीतच सांगून ठेवलंय. नंतर आलेल्या पाथलिबने शहाणपणा केला, ते स्वतःहून दोन टिंबं कापतच नाही, रिझॉल्व्ह म्हणालात तर डिस्कवर जाऊन बघतं. जावात नॉर्मलाइज कापतं, टू-रियल-पाथ चालतं. पण नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये, पाथच्या रिझॉल्व्हला डिस्कशी काही देणंघेणं नाही, शुद्ध मजकूर, खरी चाल हवी तर एफएसचं रियलपाथ. म्हणजे पायथनमधून नोडमध्ये आलेला माणूस 'रिझॉल्व्ह' वाचून निर्धास्त होतो आणि फसतो. पीएचपीचं रियलपाथ फाइल नसली की फॉल्स देतं, तुम्ही त्याच्यापुढे '/कॅशे' चिकटवलंत की फॉल्सची होते रिकामी स्ट्रिंग आणि तुम्ही पोचता थेट रूटवरच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या डिरेक्टरीतल्या, '/कॅशे'ला. तिथे काही डिलीट करत असाल तर देवाचं नाव घ्या.

परमिशनही याच चालण्यात येते, हे कोणी नीट सांगत नाही. डिरेक्टरीवरचा एक्स म्हणजे एक्झिक्यूट बिक्झिक्यूट काही नाही, 'इथून पुढे जाऊ देणार' एवढाच अर्थ. आर म्हणजे रजिस्टर वाचू देणार. वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीवर एक्स लागतो, एका ठिकाणी नसला की संपलं, मग शेवटच्या फाइलला तुम्ही ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, द्या नाहीतर नैवेद्य दाखवा. आणि पायथनचं एक्झिस्ट्स अशा वेळी काय म्हणतं? फॉल्स. फाइल आहे, पण तुम्हाला तिथवर जाता येत नाही, आणि उत्तर मिळतं 'नाही'. म्हणून मी आधी विचारतच नाही, सरळ उघडतो आणि एरर येईल ती वाचतो. विचारणं आणि उघडणं याच्या मधल्या फटीत कोणी पाटी बदलली तर काय, हा प्रश्न पण त्यात सुटतो. ही फट खोटी नाही बरं का, २०२२ च्या जानेवारीत रस्टच्या अख्खी डिरेक्टरी उडवणाऱ्या फंक्शनमध्ये हीच सापडली, तपासलं तेव्हा फोल्डर, उडवलं तेव्हा सिमलिंक, आणि उडालं दुसऱ्याचंच. १.५८.१ मध्ये दुरुस्त केलं. लिनक्सने २०२० मध्ये ५.६ ला ओपनॲटटू हा सिस्टिम कॉल आणलं, त्यात 'या फोल्डरच्या बाहेर पाऊल टाकू नकोस' असं चालणाऱ्यालाच सांगता येतं, आणि गोने २०२५ मध्ये १.२४ ला ओएस-रूट दिलं ते त्याच कामासाठी. अपलोड बिपलोड घेणारं काही लिहीत असाल तर स्ट्रिंगची सुरुवात जुळवून बघत बसू नका, '/दुकान/अपलोड' ची सुरुवात '/दुकान/अपलोड२' ला पण जुळते.

एक गंमत सांगतो परमिशनची. पायथन दोनमध्ये परमिशन बदलणाऱ्या चमॉडला ०६४४ लिहायचो, पुढच्या शून्यामुळे ऑक्टल, म्हणजे आठच्या पायाची संख्या. पायथन तीनमध्ये ते सिंटॅक्स एरर, मग पोरं काय करतात, शून्य काढून टाकतात, एरर गेली, खूश. पण आता ते साधं दशमान ६४४ झालं, आणि ते ऑक्टलमध्ये मांडून बघा, १२०४ येतं. पुढचा १ म्हणजे स्टिकी बिट, तो सोडा. मालकाला २, म्हणजे फक्त लिहिता येणार. ग्रुपला शून्य. आणि बाकी जगाला ४, वाचा हवं तेवढं! ज्याची फाइल त्यालाच वाचता येत नाही, कारण कर्नल आधी बघतो तू मालक आहेस का, असलास तर मालकाचेच आकडे लागू, 'बाकीचे' या रांगेत जाऊन उभं राहता येत नाही. आणि स्क्रिप्ट रूट या सर्वाधिकारी युजरने चालवत असाल तर हे कळतच नाही, रूटला सगळं वाचता येतं. लिहायचं ते ०ओ६४४, मध्ये ओ.

वेळ झाला का? एक प्रश्न घेतो. हां, मराठी फाइलनावं खरोखर वापरावीत का. वापरा की, पण दोन गोष्टी. एक म्हणजे लिनक्सवर साधारण नावाला २५५ बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, हलन्त, वेलांटी सगळं वेगळं मोजून, म्हणजे 'म्हणून' या शब्दाचेच १८ झाले. अशी ८५ चिन्हं, संपलं. दुसरी जरा वाईट आहे. आपला ऱ्या, दुसऱ्या-तिसऱ्यातला, तो तीन प्रकारे टाइप होतो, अखंड ऱ घेऊन, र ला नुक्ता लावून, नाहीतर र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घालून. पहिले दोन युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकाच अक्षराची रूपं एकसारखी करण्याने, एक होतात, तिसरा होत नाही. कर्नल तर बाइटच बघतो, त्याला तिन्ही वेगळे. माझ्याकडे एका बॅकअपमध्ये 'दुसऱ्या मजल्याचे बिल' नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी आहेत, एलएसमध्ये अगदी सारखे दिसतात, एकात बिलं आहेत आणि एक रिकामा, आणि टॅब दाबल्यावर कुठला उघडेल ते मला अजून सांगता येत नाही.