बोअरचं पाणी, द्राक्षवेल आणि कॅल्शियम

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

गोडी छाटणी, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी, होऊन घड बाहेर पडले, की निफाड-दिंडोरीकडच्या बागांमधून एक प्रश्न हमखास येतो: ‘जुन्या पानांच्या कडा करपायला लागल्यात, काय सोडू?’ उत्तर बहुतेकदा तयारच असतं, पोटॅश, म्हणजे पालाश. पालाश कमी पडलं तरी जुन्या पानांच्याच कडा जळतात, हे खरं. पण करपण्याचं मूळ बोअरच्या पाण्यातल्या क्षारांत असेल आणि तुम्ही म्युरेट, म्हणजे क्लोराइडयुक्त पोटॅश, सोडलंत, तर क्लोराइडची आणखी भर पडते, आणि ते द्राक्षवेलीला सोसत नाही. पालाश द्यायचंच असेल तर सल्फेट ऑफ पोटॅश द्या. त्याआधी पाणी तपासून घ्या.

क्षार किती साठतात, याचा हिशोब करून बघा. पाण्याचा ईसी, म्हणजे क्षारांचा अंदाज देणारी विद्युतवाहकता, १ (डेसिसायमन प्रति मीटर) असेल तर लिटरमागे साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. ईसी १.५ असलेलं २०,००० लिटर पाणी एकरावर सोडलं, की एका पाळीत सुमारे १९ किलो क्षार बागेत उतरले. पाणी वेल घेते, ऊन घेतं. क्षार मातीतच राहतात. मातीच्या संपृक्त अर्काचा, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याचा, ईसी १.५ च्या वर गेला की द्राक्षाचं उत्पन्न घटायला लागतं. डॉगरिज खुंट, म्हणजे ज्यावर द्राक्षाचं कलम बांधतात ती वेल, यातला बराच भार पेलतो, पण सगळा नाही.

आता कॅल्शियम. मुळांच्या पेशींचं आवरण त्याच्यामुळे घट्ट राहतं. सोडियम वाढलं की ते कॅल्शियमची जागा बळकावतं. आवरण सैल पडतं, पालाश बाहेर झिरपतं, सोडियम आत शिरतं. मुळाशी विरघळलेलं कॅल्शियम पुरेसं असेल तर ही घुसखोरी बरीच रोखली जाते.

हे अन्नद्रव्य वेलीत पाण्याबरोबर वर चढतं, आणि एकदा पानात बसलं की तिथून शेंड्याकडे वळत नाही. म्हणून कॅल्शियमची कमतरता कोवळ्या शेंड्यावर दिसते आणि क्षारांचा मार जुन्या पानांवर. बागेत शिरल्यावर आधी हेच बघा. मण्यातही कॅल्शियम जातं ते मुख्यतः मण्यात पाणी उतरण्याआधी, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागण्याआधी. त्यानंतर महागड्या फवारण्या मारणाऱ्यांना मी कळकळीने सांगेन, तो पैसा निचऱ्याच्या चरांवर घाला.

आपल्याकडच्या बऱ्याच जमिनींत चुनखडी आहे. म्हणजे कॅल्शियम ढिगाने आहे, पण ते सहजी विरघळत नाही. तिथे गंधक कामी येतं. जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि चुनखडीतलं कॅल्शियम मोकळं होतं. त्याला ओल लागते आणि काही आठवडे धीरही लागतो. चुनखडी नसलेल्या चोपण, म्हणजे मातीच्या कणांवर सोडियम जास्त बसलेल्या, जमिनीला जिप्सम द्या. जिप्सम मातीच्या कणांवरून सोडियम हटवतं, पण हटलेलं सोडियम पाण्याने धुऊन मुळांच्या खाली गेलं पाहिजे. निचरा नसेल तर जिप्समचा खर्च वाया. आणि जमीन नुसती खारवट असेल, चोपण नसेल, तर जिप्समची गरजच नाही. चर आणि गोडं पाणी पुरतं.

ठिबकवाल्यांसाठी दोन गोष्टी. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट किंवा फॉस्फेटची खतं एकाच टाकीत कालवू नका. साका बसतो आणि ड्रीपर बुजतात.

दुसरी गोष्ट अवकाळीची. ड्रीपरखालच्या ओल्या पट्ट्याच्या कडेला क्षार गोळा झालेले असतात. कधी बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्यावर, पांढरा थर दिसतो, तो हाच. हलकी सर आली की हा थर विरघळून थेट मुळांकडे सरकतो. म्हणून खाऱ्या पाण्याच्या बागेत रिमझिम सुरू झाली की ठिबक लगेच बंद करू नका. चांगला पाऊस होऊन क्षार खाली जाईपर्यंत थोडं थोडं पाणी चालू ठेवा. वाफसा बघून मग बंद करा.

नमस्कार.