चादरी, सायकल आणि दहा गुणांचा प्रश्न

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, निमंत्रणपत्रिकेवर ‘आधुनिक युरोप : संस्कृती, राजकारण आणि चित्रपट यांचा विद्यापीठीय अभ्यास’ असा भारदस्त विषय छापला आहे. तो तासाभरात मावणारा नाही, म्हणून मी एका देशापुरते, आणि खरे सांगायचे तर एका चित्रपटापुरतेच बोलणार आहे. माझा जुना हट्ट असा, की चित्रपट राज्यशास्त्राच्या वर्गात दाखवला पाहिजे आणि कायदा चित्रपटाच्या वर्गात वाचला पाहिजे.

हा हट्ट कोठून आला, ते आधी सांगतो. मी ज्या विद्यापीठात शिकलो आणि पुढे शिकवलेही, त्याचे नाव घेत नाही; माझे निवृत्तिवेतन अजून तेथूनच येते. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला ‘इटालियन नववास्तववादाची वैशिष्ट्ये सांगा’ हा दहा गुणांचा प्रश्न तेथे हमखास येत असे. प्रोजेक्टर विभागाच्या कपाटात होता, कपाटाची किल्ली वरिष्ठ लिपिकांकडे होती आणि लिपिक आम्ही एम. ए. होईपर्यंत बहुतेक रजेवर होते. तेव्हा स्टुडिओऐवजी रस्ता, नटांऐवजी साधी माणसे, युद्धानंतरचे दारिद्र्य अशी गाइडमधली वैशिष्ट्ये आम्ही पाढ्यांसारखी घोकली. मला दहापैकी आठ गुण मिळाले. याच धारेतला, इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सीकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ मी त्यानंतर सहा वर्षांनी, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पाहिला.

तेथे मला पहिल्या काही मिनिटांतच कळले, की ते आठ गुण मी परत करायला हवेत. नायकाला रोममध्ये भिंतीवर पोस्टर चिकटवण्याचे काम मिळाले आहे, त्यासाठी सायकल हवी आणि सायकल गहाण पडली आहे. म्हणून त्याची बायको पलंगावरच्या चादरी काढते, धुते आणि गहाणवटीच्या कचेरीत नेऊन देते. खिडकीपलीकडचा कर्मचारी ते गाठोडे घेऊन मांडण्यांवर चढू लागतो. तो चढतच राहतो, आणि छतापर्यंत रचलेली इतर घरांची गाठोडी आपल्याला दिसतात. संपूर्ण शहर चादरींवाचून झोपत आहे, हे कोणीही तोंडाने बोलत नाही. एवढा एक प्रसंग इटलीच्या अर्थव्यवस्थेबद्दल जे सांगतो, त्यासाठी आमच्या पाच वैशिष्ट्यांत एकही कप्पा नव्हता. (सायकल ‘फिदेस’ या ब्रँडची आहे, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ श्रद्धा, विश्वास. विद्यार्थ्यांना हे सांगितले की ते लगेच लिहून घेतात, चादरींचे मात्र कोणी लिहून घेत नाही.)

पुढे मी प्राध्यापक झाल्यावर हा चित्रपट राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात घालावा असा प्रस्ताव मांडला. अभ्यास मंडळावरील एका ज्येष्ठांनी अत्यंत प्रामाणिकपणे विचारले, “पिक्चर बघण्याचे गुण कसे द्यायचे?” प्रस्ताव पुढील बैठकीसाठी ठेवण्यात आला. त्या पुढील बैठकीची मी निवृत्तीपर्यंत वाट पाहिली.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटे उरली आहेत. म्हणजे आता विषयाकडे वळले पाहिजे.

एप्रिल 1948 मध्ये इटलीत निवडणूक झाली आणि ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाने कम्युनिस्ट व समाजवादी यांच्या आघाडीचा पराभव केला. चित्रपट त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पडद्यावर आला. सायकल चोरीला गेल्यावर नायक ज्या दारांवर जातो ती पाहा : पोलीस तक्रार नोंदवून घेतात आणि फाईल मिटतात, पक्षाच्या तळघरात बेकारीवर भाषण चालू असते आणि त्यात याने व्यत्यय आणलेला कोणाला खपत नाही, चर्चमध्ये गरिबांची दाढी करून, प्रार्थना म्हणवून घेऊन मगच सूप वाढले जाते. राज्य, पक्ष आणि धर्मसंस्था या तिन्ही दारांवरून तो रिकाम्या हातांनी परततो. हे निवडणुकीचेच विश्लेषण आहे, फक्त त्याला तळटीपा नाहीत.

सत्तेला ते बरोबर समजले होते. मनोरंजन खाते ज्यांच्याकडे होते त्या ज्युलिओ आंद्रेओत्ती यांच्या नावाने ओळखला जाणारा 1949 चा कायदा देशी चित्रपटांना कर्ज आणि संरक्षण देत असे, पण कर्जासाठी पटकथा आधी सरकारला दाखवावी लागे आणि देशाची बदनामी करणाऱ्या चित्रपटाची निर्यात अडवता येत असे. दे सीकाने ‘उंबेर्तो डी.’मध्ये भाडे थकलेला निवृत्त नोकरदार दाखवला, तेव्हा 1952 मध्ये आंद्रेओत्तींनी जाहीर पत्र लिहून त्याला देशाच्या प्रतिमेची आठवण करून दिली. त्या निवृत्ताची भूमिका फ्लॉरेन्स विद्यापीठातील भाषाशास्त्राच्या एका प्राध्यापकाने केली होती, ही गोष्ट समोरच्या पहिल्या दोन रांगांनी विशेष लक्षात घ्यावी. पैसा देऊन आवाज खाली आणण्याची ही पद्धत. पूर्व जर्मनीत सत्ताधारी पक्षाच्या डिसेंबर 1965 च्या बैठकीनंतर सरळ बंदीच आली आणि जवळजवळ वर्षभराचे चित्रपट कपाटात गेले. युरोपच्या दोन अर्ध्यांची तुलना या दोन दस्तऐवजांवरून एका सत्रात शिकवता येते. माझ्याकडे आराखडा तयार आहे, वाचायला वेळ नाही.

भाषेबद्दल एकच सांगतो. ‘बायसिकल थीव्ह्ज’चे मूळ इटालियन नाव ‘चोर’ अनेकवचनात ठेवते, कारण अखेरीस नायकही दुसऱ्याच्या सायकलीला हात घालतो. अमेरिकेत ते एकवचनी करून टाकले गेले आणि सारा गुन्हा एकाच पोराच्या माथी बसला. मराठीत ‘सायकलचोर’ म्हटले तर तो एक की अनेक, हे शेवटच्या रिळापर्यंत कळत नाही. इतका चोख अनुवाद आपल्याला आयता मिळाला आहे, आणि तो प्रश्नपत्रिकेत मी कधी पाहिला नाही.

घंटा वाजली. ग्रंथपाल म्हणतात, प्रोजेक्टरची किल्ली सापडली आहे. चादरींचा प्रसंग फार मोठा नाही. तेवढे दिवे मालवा.