लांबलेला श्रावण

[ड्रोन. सकाळचं ऊन. हॉप्सचे मळे, मग खाली ट्रॅक्टर]

हे उंच खांब आणि तारा दिसतायत ना, त्यावर चढलेत ते हॉप्सचे वेल, बिअरमध्ये घालतात ते. सात मीटर उंच जातात, म्हणजे दुमजली घराच्या वर. म्युनिकच्या उत्तरेला तासभर गाडी मारली की हा भाग लागतो, हालरटाउ. एका जागी सलग एवढी हॉप्सची लागवड जगात दुसरीकडे कुठेच नाही. ऑगस्ट संपता संपता तोडणी सुरू होते आणि सप्टेंबरात आटपते, आम्ही नेमके त्यातच पोचलो म्हणून हे सगळं मिळालं, वेल मुळाशी कापायचा, वरून ओढून ट्रॉलीत पाडायचा, ट्रॉली भरली की पळत शेडमध्ये. (खरं तर दहा सेकंदच ठेवणार होतो हा शॉट पण काढवला नाही, सॉरी.)

[क्लोजअप. तळहातावर हॉप्सचं बोंड, चोळून उघडलेलं]

मळ्यात फक्त मादी वेल. त्यांची ही हिरवी बोंडं, चोळली की आत पिवळी पूड दिसते, तिला ल्युप्युलिन म्हणतात. बिअरचा कडवटपणा आणि अर्धा वास या पुडीतून येतो. आणि यात अल्कोहोलचा काहीही संबंध नाही. हे एवढं डोक्यात ठेवा, कारण ज्या माणसासाठी आम्ही इथपर्यंत आलो त्याला हे कळायला बरीच वर्षं लागली.

[दादा मळ्यातून चालत येतो, बोंडाचा वास घेतो, शिंकतो]

हा आमचा दादा. मूळ मिरजेचा, आता म्युनिकमध्ये, गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम करतो. नाव टाकू नका म्हणालाय, चेहरा दाखवला तरी चालेल म्हणालाय, आता यात काय लॉजिक आहे ते त्यालाच ठाऊक.

दादा बिअरवाला माणूस. व्हिस्की वगैरेच्या नादाला कधी लागला नाही, पण बिअर रोज, आणि जर्मनीत रोज बिअर पिणाऱ्याला कोणी काही म्हणतच नाही. पाण्याच्या बाटलीशेजारी क्रेट असतो. अर्धा लिटरची एक, मग दुसरी, शुक्रवारी मोजायची नाही. पडणं नाही, राडा नाही, सकाळी ऑफिसला वेळेवर. म्हणून प्रॉब्लेम आहे असं कुणाला वाटलंच नाही.

[मोबाइलमधले फोटो. नदीकाठ, ग्रिल, दहा-बारा मराठी चेहरे, धूसर केलेले]

हे फोटो २०२३ च्या गटारीचे. अमावस्या १७ जुलैला, सोमवारी, पण सोमवारी म्युनिकमध्ये कोण गटारी करणार, म्हणून शनिवारीच इझार नदीच्या काठावर उरकून घेतली. त्या वर्षी अधिक श्रावण होता हे आठवत असेल. अधिकाचा पाळायचा का फक्त निज, यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस वाद चाललेला. दादा म्हणाला मी दोन्ही पाळतो. लोक हसले.

तो काही देवधर्मवाला नाही. गटारीच्या आधीच त्याच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट समोर ठेवून लिव्हरचे आकडे दाखवलेले, आणि ते ग्रुपवर सांगायचं नव्हतं. ‘श्रावण आहे’ म्हटलं की मराठी माणूस पुढे विचारत नाही, एवढं सोपं कारण त्याला दुसरं सापडलं नाही.

[स्वयंपाकघर. संध्याकाळ. फ्रीज उघडतो]

पहिला आठवडा कसा गेला असं विचारलं तर म्हणतो दिवस सोपा होता रे, संध्याकाळी सहा वाजले की अवघड. लॅपटॉप मिटला की हात आपोआप फ्रीजकडे. चहा करून बघितला, लिंबूसोडा करून बघितला, सफरचंदाचा ज्यूस. सगळं गोड. त्याला हवं होतं थंडगार, कडवट, फेसाळ, आणि लांबट ग्लासात. नशा आठवतच नव्हती म्हणतो, ग्लास आठवत होता.

मग सुपरमार्केटच्या खालच्या फळीवरून त्याने दोन अल्कोहोलफ्री बाटल्या उचलल्या, सगळ्यात स्वस्त. पहिली सिंकमध्ये ओतली. ‘लहानपणी ताकदीसाठी माल्टचं औषध द्यायचे ना, त्याच्यात गॅस भरलाय असं लागलं.’

असं का लागतं ते बघायला आम्ही ब्रुअरीत गेलो.

[ब्रुअरी. तांब्याचं भांडं, झाकण उघडतं, वाफ]

बव्हेरियातली मध्यम आकाराची ब्रुअरी आहे, आत शूट करू दिलं याबद्दल खूप आभार. पहिला अर्धा दिवस साधी बिअर आणि ही बिअर यात काही फरकच नाही. जव घ्यायचे, त्यांना मोड आणायचे, वाळवायचे, झालं माल्ट. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो तशातलाच प्रकार. ते भरडून गरम पाण्यात ठेवलं की आतल्या स्टार्चची साखर होते, गोड पाणी गाळून घ्यायचं, हॉप्स घालून उकळायचं. बव्हेरियात १५१६ साली कायदा झाला की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच. यीस्ट त्या यादीत नाही कारण तो प्रकार तेव्हा कोणाला माहीतच नव्हता. अल्कोहोलफ्री बिअरसुद्धा आम्ही त्याच नियमात करतो हे ब्रूमास्टरने आम्हाला तीनदा सांगितलं. त्यातलं एकदाचं ठेवलंय.

[टाकी. काचेतून उसळणारा फेस]

आता यीस्ट. साखर खातं, अल्कोहोल आणि गॅस सोडतं. अल्कोहोल नको असेल तर सगळ्यात जुना उपाय म्हणजे यीस्टला जेवताना उठवायचं. आंबायला लागलं न लागलं तोच सगळं जवळजवळ शून्य अंशावर नेऊन गार करायचं, यीस्ट थांबतं. पण साखर तशीच राहते. दादाने सिंकमध्ये ओतली ती बहुधा ही. दुसरा उपाय म्हणजे असं यीस्ट वापरायचं ज्याला माल्टमधली मुख्य साखर, माल्टोज, पचतच नाही, ते थोडं खातं आणि गप्प बसतं.

[स्टीलचा उंच कॉलम, पाइप, आकडे दाखवणारा पडदा]

आणि तिसरा हा, ज्यासाठी आम्ही कॅमेरा घेऊन तीन मजले लोखंडी जिना चढलो. इथे आधी पूर्ण बिअर करतात, पाच टक्केवाली, नीट आंबवून, नीट मुरवून. आणि मग तिच्यातला अल्कोहोल काढतात. अल्कोहोल एरवी ७८ अंशाला उकळतो, तेवढी तापवली तर बिअरची चव शिजून जाईल. म्हणून या कॉलममधली हवा ओढून घेतात, दाब कमी झाला की अल्कोहोल चाळीसेक अंशालाच वाफ होऊन निघून जातो. पडद्यावर आकडा बघा, आंघोळीच्या पाण्याएवढं तापमान आहे. गंमत अशी की वाफेबरोबर वासही पळतो, तो वेगळा पकडून परत बिअरमध्ये सोडावा लागतो, आणि तिथेच कोणाची बिअर चांगली आणि कोणाची फुळकवणी ते ठरतं. काढलेला अल्कोहोल इंडस्ट्रीला विकला जातो.

म्हणजे साध्या बिअरचं सगळं काम आणि वर हे. तरी लोक म्हणतात ही खोटी बिअर. असो.

राहतो तो अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. जर्मनीत ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोलफ्री लिहिता येतं, पूर्ण शून्य पाहिजे असेल तर बाटलीवर ०.० शोधायचं. अर्ध्या टक्क्याची रेघ जुनी आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हाही कायद्यात हाच आकडा होता.

[जुनी काळीपांढरी छायाचित्रं. पूर्व बर्लिन, गाड्या]

जर्मनीतली गोष्ट सुरू होते ती ड्रायव्हरांपासून. पूर्व जर्मनीत गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात शून्य अल्कोहोल हा नियम, थोडीसुद्धा सूट नाही. म्हणून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पूर्व बर्लिनमधल्या एंगेलहार्ट ब्रुअरीने खास गाडीवाल्यांची बिअर काढली, नावच ऑटोफारर-बिअर, लाडाने आउबी. पश्चिमेकडे फ्रँकफर्टच्या बिंडिंग ब्रुअरीची क्लाउस्टालर १९७९ ला आली. तेव्हापासून बरीच वर्षं ही बिअर म्हणजे ड्रायव्हरची, गरोदर बाईची, नाहीतर औषधं चालू असलेल्याची, बिचाऱ्याला नाइलाजाने घ्यावी लागते अशी.

[मॅरेथॉनची फिनिश लाइन. मेडल घातलेले लोक, हातात फेसाळ ग्लास]

हे चित्र बदललं ते इथे. एर्डिंगरसारख्या ब्रुअरीने अल्कोहोलफ्री व्हाइसबिअर, म्हणजे गव्हाची बिअर, धावणाऱ्यांना वाटायला सुरुवात केली, आणि आता जर्मनीत मॅरेथॉन संपली की हातात ग्लास आलाच. २००९ च्या म्युनिक मॅरेथॉनच्या २७७ पुरुष धावपटूंवर अभ्यासही झाला, रोज एक ते दीड लिटर अल्कोहोलफ्री बिअर, शर्यतीआधी तीन आठवडे आणि नंतर दोन. पिणाऱ्यांना सर्दी-घशाचा त्रास कमी झाला. पैसे ब्रुअरीनेच दिलेले, हेही सांगून टाकतो. २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकला जर्मन खेळाडूंसाठी साडेतीन हजार लिटर अल्कोहोलफ्री बिअर गेली होती.

दादा धावत नाही. तो फक्त बघायला गेला होता, ग्लास त्यालाही मिळाला.

[टेरेझियनवीझं मैदान. तंबू, गर्दी. मग लिटरचे मग]

२०२३ चा निज श्रावण संपला १५ सप्टेंबरला. आणि १६ सप्टेंबरला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, ऑक्टोबरफेस्ट, म्युनिकची बिअरची मोठी जत्रा, सुरू. असा मुहूर्त कोणी ठरवूनही काढला नसता. ऑफिसचं टेबल बुक, मित्रांचे मेसेज, सुटला रे दादा तुझा श्रावण. त्या दिवशीचं शूटिंग आमच्याकडे नाही, ही दृश्यं पुढच्या वर्षीची आहेत, पण झालं ते असं की दादाने लिटरभर अल्कोहोलफ्री मागवली. तोच मग, तोच फेस, बाकावर उभं राहून तीच गाणी. शेजारच्याने चीअर्स करताना मगात काय आहे ते बघितलंही नाही. मंगळवारी गणपती बसले, मग ते दहा दिवस कोणी घेतच नाही. मग नवरात्र. एक एक करत तारीख पुढे सरकत गेली, आणि परत कधी सुरू करायचं हे ठरवायचं राहूनच गेलं.

फक्त एक राग आहे त्याचा, की अल्कोहोल नाही म्हणून काही फार स्वस्त देत नाहीत.

[बिअर गार्डन. झाडाखालची टेबलं. तरुण पोरं, लहान मुलं]

२०२४ च्या उन्हाळ्यात म्युनिकच्या मुख्य स्टेशनजवळ तर अख्खं बिअर गार्डनच अल्कोहोलविना उघडलं, नाव ‘डी नुल’, म्हणजे शून्य. त्याच वर्षी ऑगस्टिनर, १३२८ पासूनची ब्रुअरी, तिनेही आपली हेलेस, म्हणजे फिकट सोनेरी बिअर, अल्कोहोलफ्री काढली. म्युनिककरांसाठी ही ब्रेकिंग न्यूज होती, आम्ही अतिशयोक्ती करत नाही.

[दादा ग्लास तिरका धरून व्हाइसबिअर ओततो]

नवीन माणसाने काय प्यावं असं विचारलं की दादा लेक्चर देतो, पूर्ण ऐका. गव्हाच्या बिअरपासून सुरू करायचं, तिच्यात थोडा गोडवा मूळचाच असतो म्हणून कमतरता जाणवत नाही. बाटली फ्रीजच्या एकदम मागे ठेवायची. ग्लास थंड पाण्याने ओला करायचा, तिरका धरून हळूहळू ओतायचं, शेवटचं दोन बोटं शिल्लक असताना बाटली गोल फिरवायची म्हणजे खाली बसलेलं यीस्ट सुटतं, मग ते वरून. पिल्सच्या, म्हणजे जास्त कडवट बिअरच्या, वाटेला लगेच जायचं नाही. आणि बाटलीतून तोंड लावून प्यायचं नाही, कधीच नाही, इथे तो खरोखर चिडतो.

बाकी झोप सुधारली, पट्टा दोन भोकं आत गेला, लिव्हरचे आकडे खाली आले, घरातलं वातावरण बदललं असं वहिनी म्हणाल्या पण कॅमेऱ्यासमोर नको म्हणाल्या. आणि ज्यांना दारूचं व्यसनच लागलंय, किंवा सोडण्यासाठी गोळ्या चालू आहेत, त्यांनी हे करू नये, नुसत्या वासाने आणि चवीने परत ओढ लागू शकते, आधी डॉक्टरांना विचारा.

[उभा व्हिडिओ, दादाच्या फोनवरचा. मिरज, घर, जेवणाचं टेबल]

हा दादानेच पाठवलाय, दिवाळीला गेला होता तेव्हाचा. आपल्याकडेही आता किराणा ॲपवर ०.० चे कॅन मिळतात, भारतातही अर्ध्या टक्क्याच्या वर अल्कोहोल असेल तरच ते मद्य, त्यामुळे वाइन शॉपची पायरी चढावी लागत नाही. तरी कॅनवर बिअरचं नाव बघून काका, म्हणजे दादाचे वडील, गप्प आणि काकूंनी चष्मा शोधायला घेतला.

काकूंनी पूर्ण लेबल वाचलं, मागचं बारीक अक्षरातलंसुद्धा. काकांनी एक घोट घेतला. ‘चढत नाही तर मग कडू कशाला प्यायचं?’

‘कडूच तर आवडतं ना बाबा,’ दादा कॅमेऱ्यामागून म्हणतोय. काकांनी ग्लास त्याच्याकडे सरकवला आणि कोकम सरबत मागितलं.